बशी उलटी करून : बेट-३६५ आणि डेनीस कोट्स प्रतिष्ठानाची वाटचाल

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या माणसांची एक खोड प्रसिद्ध आहे. लग्नाचे जेवण असो की परगावचे हॉटेल, समोर बशी आली की ती आधी उलटी करून बघायची. खाली छाप कोणाचा? वेजवुडचा, स्पोडचा, मिंटनचा, की कुठल्या परक्या कारखान्याचा? ज्या गावात घरटी कोणी ना कोणी भट्टीवर, चाकावर किंवा नक्षीकामावर होते, तिथे ही सवय लागली नसती तरच नवल. आपणही या गावाला अगदीच अनोळखी नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनच्या नक्षीदार फरश्यांवरून जो कोणी चालला, तो नकळत स्टोकच्याच मालावरून चालून आला आहे.

आज मात्र या गावातला सर्वांत मोठा खाजगी रोजगारदाता कपबशा करत नाही. तो लोकांच्या पैजा घेतो. बेट-३६५ ही ती पेढी. तिच्या नफ्यातून चालणारे डेनीस कोट्स प्रतिष्ठान ही ब्रिटनमधल्या सधन कौटुंबिक दानसंस्थांपैकी एक आहे. ‘उद्योग आणि दान’ या विभागासाठी या जोडसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा एक गोष्ट मनाशी ठरवली. स्मरणिकेत संस्थेची वरची नक्षी दाखवायची रीत असते, ती पाळायचीच. पण ज्या गावची ही गोष्ट आहे त्या गावाच्या रीतीने बशी उलटीही करून पाहायची.

गाव

टनस्टॉल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे १९१० मध्ये एकत्र आली आणि १९२५ मध्ये त्यांना शहराचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, १७६९ मध्ये, जोसाया वेजवुडने इथे इट्रुरिया नावाचा कारखाना सुरू केला. ट्रेंट-मर्सी कालव्याकाठी भट्ट्या उभ्या केल्या आणि शेजारी कामगारांसाठी गाव वसवले. भरभराटीच्या काळात या परिसरात दोन हजारांवर भट्ट्या होत्या. बाटलीच्या आकाराच्या त्या विटांच्या भट्ट्यांपैकी आज पन्नासही शिल्लक नाहीत.

चिनी मातीच्या जोडीला कोळसा होता, लोखंड होते. शेल्टनच्या पोलाद कारखान्यात १९७८ मध्ये पोलाद तयार होणे थांबले. त्याच्या पडीक जमिनीवर १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान महोत्सव भरवून सरकारने गावाला नवे रूप द्यायचा प्रयत्न केला. खाणी एकेक करून मिटल्या. २००५ मध्ये रॉयल डल्टनचा बर्स्लेममधला कारखाना बंद झाला, २००८ मध्ये स्पोड बुडाली आणि २००९ च्या जानेवारीत वेजवुडच्या मालक कंपनीवर प्रशासक बसले. उद्यान महोत्सवाच्या त्याच इट्रुरियाच्या जमिनीवर पुढे कार्यालये उभी राहिली आणि बेट-३६५ चे मुख्यालय तिथेच आले. ज्या आवारात आधी वेजवुडच्या फुलदाण्या, मग पोलादाचा रस, मग फुलांचे ताटवे होते, तिथे आता संगणकांच्या पडद्यांवर जगभरच्या सामन्यांचे भाव हलतात.

याच परिसराचा आणखी एक वारसा आहे. जवळच्या मो कॉप टेकडीवर १८०७ मध्ये भरलेल्या प्रार्थनासभेतून प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाची सुरुवात झाली. कुंभार आणि खाणकामगार यांच्यात तो झपाट्याने पसरला. दारू आणि जुगार या दोन गोष्टींना मेथडिस्टांचा कडवा विरोध. म्हणजे पैजेला पाप मानणारे गाव आणि पैजेवर चूल पेटवणारे गाव ही दोन्ही एकच.

दुकान

ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून पैजेची दुकाने कायदेशीर झाली. तोवर घोड्यांवरच्या पैजा कारखान्याच्या दारात, गल्लीच्या तोंडाशी चोरून घेतल्या जात. सरकारने परवानगी दिली खरी, पण नाक मुरडून. दुकान असे असावे की माणसाने आत यावे, चिठ्ठी फाडावी आणि निघून जावे. तिथे रमू नये. १९८६ पर्यंत दुकानात दूरदर्शन संच नव्हता आणि चहाही नव्हता. काचा रंगवून बंद केलेल्या असत. व्यसन आणि माणूस यांच्यात थोडी गैरसोय ठेवून द्यावी, असे ते साधे शहाणपण होते. पुढच्या सगळ्या कथेत हे शहाणपण लक्षात ठेवावे लागेल.

पीटर कोट्स यांनी १९७४ मध्ये या धंद्यात पाय टाकला. ते खाणकामगाराच्या घरातले, १४ भावंडांतले धाकटे. फुटबॉलच्या मैदानांवर खाद्यपदार्थ पुरवण्याच्या व्यवसायात त्यांनी आधी जम बसवला, मग ‘प्रॉव्हिन्शियल रेसिंग’ नावाने पैजेची दुकाने काढली. त्यांची मुलगी डेनीस, जन्म १९६७ चा. शाळकरी वयापासून ती दुकानात बसून हिशेबाची कामे करू लागली. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थमिती या विषयात पहिल्या वर्गात पदवी घेतली. अर्थमिती म्हणजे आकडेशास्त्राच्या साह्याने अर्थव्यवहाराचा अंदाज बांधण्याची विद्या. पदवी घेऊन मुलगी लंडनला बँकेत गेली नाही. घरच्या दुकानांची हिशेबनीस झाली आणि काही वर्षांत त्यांची व्यवस्थापक.

गहाण

२००० साली डेनीसबाईंनी ई-बे या लिलावाच्या संकेतस्थळावर २५ हजार डॉलरला एक नाव विकत घेतले : बेट-३६५. वर्षाचे सगळे दिवस उघडे असणारे दुकान, हा त्या आकड्याचा अर्थ. पण नाव घेऊन दुकान चालत नाही. कुटुंबाने आपली दुकाने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे तारण ठेवून १ कोटी ५० लाख पौंडांचे कर्ज उचलले. स्टोकमधल्या एका वाहनतळावर पोर्टाकेबिन, म्हणजे तयार पत्र्याच्या खोल्या टाकून मोजकी माणसे बसवली आणि मार्च २००१ मध्ये पेढी सुरू झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैजा घेणाऱ्या घराने स्वतःची सर्वांत मोठी पैज तेव्हा लावली.

वेळही साधली गेली. त्या काळी ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्याच्या खिशातून ९ टक्के कपात व्हायची. ती चुकवायला काही बड्या बुकींनी आपला कारभार जिब्राल्टरला हलवला होता. ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारने ती कपात रद्द करून त्याऐवजी बुकीच्या ढोबळ नफ्यावर कर बसवला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पैज एका रात्रीत स्वस्त झाली, आणि संगणकासमोर बसून लावलेली पैज तर आणखी सोपी. २००५ मध्ये कोट्स कुटुंबाने सगळी जुनी दुकाने कोरल या कंपनीला ४ कोटी पौंडांना विकली, कर्ज फेडले आणि विटांच्या दुकानांचा निरोप घेतला. डेनीसबाई आणि त्यांचे बंधू जॉन कोट्स यांनी पुढे कारभार जोडीने हाकला.

भावाचे गणित

बुकी नशिबावर श्रीमंत होतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात पेढीवर नशिबाला फारशी जागा नसते. साधे उदाहरण घ्या. नाणेफेक आहे, छापा किंवा काटा. बुकी दोन्ही बाजूंना सारखाच भाव देतो : ११ पौंड लावा, जिंकलात तर १० मिळतील. एकाने छाप्यावर ११ लावले, दुसऱ्याने काट्यावर ११. गल्ल्यात आले २२. नाणे कसेही पडो, जिंकणाऱ्याला त्याचे ११ आणि वर १० असे २१ द्यायचे. १ पौंड गल्ल्यातच राहिला. छापा पडला काय नि काटा पडला काय, बुकीला त्याचे सोयरसुतक नाही.

आता तोच हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडू. दर पैजेमागे सरासरी अर्धा पौंड जातो. आठवड्यातून एकदा, शनिवारी दुकानात जाऊन पैज लावणाऱ्याला हा चहाचाही खर्च नाही. पण बेट-३६५ ने ज्या गोष्टीत आघाडी घेतली, ती होती सामना चालू असतानाची पैज. पुढचा कॉर्नर कोणाचा, पुढचा गोल कोण करणार, टेनिसचा पुढचा गेम कोण घेणार. पडद्यावर सामना दिसतो, शेजारी भाव बदलत राहतो, निकाल काही मिनिटांत लागतो आणि पैसे पुन्हा पुढच्या पैजेला मोकळे. एका संध्याकाळी अशा ४० पैजा लावल्या, तर तोच अर्धा पौंड २० पौंड होतो. भाव तोच, नाणेही तेच; फक्त नाणे किती वेळा उडवायचे, ते बदलले.

हजारो सामन्यांचे भाव क्षणाक्षणाला बदलत ठेवायला जी आज्ञावली लागते, ती पेढीने स्टोकमध्येच स्वतःच्या माणसांकडून घडवून घेतली. अर्थमितीची पदवी इथे कामी आली. आणि १९६१ च्या कायद्याने दुकानाच्या दारात ठेवलेली गैरसोय इथे पूर्णपणे नाहीशी झाली. काचा रंगवायचा प्रश्नच उरला नाही. दुकान गिऱ्हाइकाच्या खिशात येऊन बसले. २००५ च्या जुगार कायद्याने, जो २००७ च्या सप्टेंबरपासून अमलात आला, दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींची वाट मोकळी केली. सामन्याच्या मध्यंतरात अभिनेता रे विन्स्टन भाव सांगू लागला, तो त्यानंतर.

भरभराट

मे २००६ मध्ये कोट्स कुटुंबाने आइसलँडच्या मालकांकडून गावचा फुटबॉल क्लब स्टोक सिटी परत घेतला. २००८ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये चढला, सलग दहा हंगाम तिथे टिकला आणि २०११ मध्ये एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. बंद कारखान्यांच्या गावाला शनिवारी मान वर करून चालता आले, ही गोष्ट लहान नाही. २०१६ मध्ये मैदानाचे नाव बदलून ‘बेट-३६५ स्टेडियम’ झाले. हॅनलीचे सुपुत्र सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या अस्थी त्याच मैदानाच्या मध्यवर्तुळाखाली पुरलेल्या आहेत.

डेनीसबाईंना २०१२ मध्ये सी.बी.ई. हा किताब मिळाला. मुलाखती देणे, समारंभांत मिरवणे त्यांना आवडत नाही. त्यांची बातमी होते ती वर्षातून एकदा, कंपनीचा ताळेबंद प्रसिद्ध होतो तेव्हा. मार्च २०२० मध्ये संपलेल्या वर्षात त्यांचा पगार ४२ कोटी १० लाख पौंड होता आणि वर ४ कोटी ८० लाखांचा लाभांश. ब्रिटनमध्ये एवढा पगार कोणी घेतल्याचे त्याआधी ऐकिवात नव्हते. पण या आकड्याला दुसरीही बाजू आहे. हा पैसा पगार म्हणून देशातच घेतला गेला आणि त्यावर देशातच कर भरला गेला. सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या ‘संडे टाइम्स’च्या २०२१ च्या यादीत कोट्स कुटुंब पहिले होते, रक्कम ५७ कोटी ३० लाख पौंड. संपत्ती परदेशी बेटांवर नेऊन ठेवणाऱ्या धनिकांच्या देशात स्टोकची माणसे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रतिष्ठान

२०१२ मध्ये ‘बेट-३६५ प्रतिष्ठान’ या नावाने दानसंस्था नोंदवली गेली. २०१६ मध्ये तिचे नाव ‘डेनीस कोट्स प्रतिष्ठान’ झाले. पेढीचे नाव जाऊन व्यक्तीचे आले, हा बदल विचार करण्यासारखा आहे. देणगीच्या फलकावर आता जुगाराची आठवण उरली नाही.

संस्थेची रचना सोपी आहे. कंपनी दरवर्षी नफ्यातून मोठी रक्कम प्रतिष्ठानाकडे वर्ग करते, आणि विश्वस्त तिचे वाटप ठरवतात. २०२१-२२ या वर्षात ही रक्कम १० कोटी पौंड होती. मदत आरोग्य, शिक्षण, कला, आपत्ती-निवारण अशा अनेक कामांना जाते. पण ओढा गावाकडे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत गावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रतिष्ठानाने १ कोटी पौंड दिले. त्या दिवसांत तिथले डॉक्टर-परिचारिका ज्या ताणाखाली होते, तो पाहता या देणगीचे मोल नुसत्या आकड्याने सांगता येणार नाही. अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी डग्लस मॅकमिलन ही संस्था, जिला गाव लाडाने ‘डगी मॅक’ म्हणते, तिलाही प्रतिष्ठानाचा हात मिळाला. जवळच्या कील विद्यापीठात व्यवसाय-शिक्षणाच्या विभागाची नवी इमारत आहे, तिचे नावच ‘डेनीस कोट्स प्रतिष्ठान इमारत’.

या कामाची नोंद कोणतीही कुरकुर न करता केली पाहिजे. कारखाने गेलेल्या गावात बेट-३६५ ने हजारो पगार दिले, आणि तेही संगणकतज्ज्ञ, हिशेबनीस, गणिती अशा कामांचे. गावातल्या हुशार मुलाला गाव सोडण्याची गरज उरली नाही. वेजवुडनंतर इतक्या निष्ठेने या मातीत टिकून राहिलेले धनिक घराणे गावाने क्वचितच पाहिले असेल.

छाप

आता बशी उलटी करू.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने जुगाराच्या व्यसनावर उपचार करणारी दोन नवी केंद्रे जाहीर केली. एक साउदॅम्प्टनला, दुसरे स्टोक-ऑन-ट्रेंटला. ज्या गावातून पैजांचे भाव निघतात, त्याच गावात त्या भावांनी मोडलेल्या माणसांसाठी दवाखाना. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आरोग्य सेवेने आणखी एक निर्णय अमलात आणला : या उपचारांसाठी जुगार उद्योगाकडून येणारी ऐच्छिक देणगी यापुढे घ्यायची नाही. ज्याच्यामुळे रुग्ण येतात त्याच्याच पैशाने दवाखाना चालणे डॉक्टरांना पटत नव्हते, आणि रुग्णांनाही अवघडल्यासारखे होत होते. गैरसोयीचे जुने शहाणपणही कायदा हळूहळू परत आणत होता. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर, म्हणजे उधारीवर पैज लावायला बंदी आली. एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट खेळांत एका डावाला ५ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. २५ वर्षांखालच्यांसाठी पुढच्या महिन्यात ती २ पौंड झाली.

देणगी नाकारल्यावर पैसा कुठून आणायचा? याचे उत्तर एप्रिल २०२५ मध्ये मिळाले. ऐच्छिक देणगीच्या जागी कायद्याने सक्तीचा अधिभार आला. ऑनलाइन पेढ्यांनी आपल्या ढोबळ उत्पन्नाच्या १.१ टक्के रक्कम भरायची. त्यातला निम्मा हिस्सा उपचारांसाठी आरोग्य सेवेकडे, उरलेला प्रतिबंध आणि संशोधन यांच्याकडे. साऱ्या देशातल्या साऱ्या जुगार उद्योगाकडून मिळून या अधिभारातून वर्षाला सुमारे १० कोटी पौंड अपेक्षित आहेत.

हा आकडा वाचताना वर येऊन गेलेला दुसरा आकडा आठवतो. एकट्या बेट-३६५ ने एका वर्षात आपल्या प्रतिष्ठानाला दिलेली रक्कमही १० कोटी पौंडच होती. म्हणजे औदार्याची कमतरता नाही. फरक आहे तो कोण ठरवते याचा. प्रतिष्ठानाचे पैसे कुठे जावेत ते देणारा ठरवतो : आपले गाव, आपले रुग्णालय, आपले विद्यापीठ. अधिभाराचे पैसे कुठे जावेत ते नुकसान कुठे झाले यावरून ठरते. देणगीला नाव असते, फलक असतो, उद्घाटन असते. अधिभाराला पावती असते.

इथेच या संस्थेच्या इतिहासाची खरी अडचण आहे. जमेची बाजू एका गावात गोळा झालेली आहे आणि ती डोळ्यांना दिसते. कील विद्यापीठात जा, इमारत दिसेल. मैदानात जा, नाव दिसेल. रुग्णालयात जा, कोणीतरी ती देणगी आठवून सांगेल. नावेची बाजू मात्र देशभर, जगभर विखुरलेली आहे. ग्लासगोतल्या एखाद्या घरात पगाराच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड पडलेला असतो. पुढच्या महिन्याचे भाडे थकते, बायकोला कळत नाही, कळते तेव्हा उशीर झालेला असतो. त्या घरावर कोणी फलक लावत नाही. स्टोकच्या ताळेबंदात ते घर म्हणजे दर पैजेमागे अर्धा पौंड, इतकेच.

कोट्स घराण्याने कायदा मोडून ही पेढी उभी केली नाही. संसदेने दारे उघडली, त्यांनी त्यांतून इतरांपेक्षा हुशारीने प्रवेश केला. म्हणून प्रश्न एका बाईच्या सद्हेतूचा उरत नाही. त्यांच्या दानात खोट काढण्याचाही नाही. प्रश्न दान घेणाऱ्यांचा आहे. मो कॉपच्या टेकडीवरच्या मेथडिस्टांनी जुगाराचा पैसा बहुधा सरळ नाकारला असता. आजचे रुग्णालय तो घेते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला त्यामुळे बरी खोली मिळत असेल तर त्याला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. आरोग्य सेवेने मात्र एका ठिकाणी, अगदी एकाच ठिकाणी रेघ ओढली : व्यसनावरच्या उपचाराचा पैसा व्यसन लावणाऱ्याच्या मर्जीवर चालणार नाही. बाकी सगळीकडे दान घ्या, फलक लावा, आभार माना. त्या एका खोलीत मात्र हक्काचाच पैसा. दान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती लहान असो की मोठी, आपल्यापुरती अशी एक खोली ठरवून ठेवावी असे वाटते.

स्टोकमध्ये बशीचा छाप पाहून कोणी ती बशी फोडत नाही. छाप परका निघाला तरी माणूस ती सरळ करतो आणि जेवायला लागतो. पण त्याने पाहिलेले असते, आणि शेजारच्याला ते सांगितलेलेही असते.